बोल्टवरची पांढरी रेघ

३ फेब्रुवारी

खटपट्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनच केला असता, पण तुला ऐकू येत नाही, मग मला ओरडावं लागतं, आणि मी ओरडले की मास्तरांच्या गाडीत बिघाड झालाय हे सगळ्या गल्लीला कळतं. ते यांना खपत नाही. तीस वर्षं जगाला गाडी शिकवलेल्या माणसाची स्वतःची गाडी बिघडते म्हणजे काय!

तर गाडीतून तेल गळतंय. शेडमधला तो खड्डा आठवतो ना? शिकायला येणाऱ्यांना गाडीचं पोट खालून दाखवायला यांनी खणून घेतला होता. गाडी त्यावरच उभी असते. रोज सकाळी खड्ड्याच्या तळाशी बशीएवढा डाग. यांच्या गुडघ्यांना आता त्या पायऱ्या झेपत नाहीत, म्हणून बॅटरी घेऊन मी उतरते आणि हे वर काठावर उभे राहून हुकूम सोडतात. हे म्हणतात गिअरबॉक्स, शेजारचे म्हणतात इंजिन. मला दोन्ही सारखेच.

गाडी लागतेच रे. लेकीची कामाची पाळी सहाला सुरू होते आणि नातीची शाळा आठला. तिला आजोबाच सोडतात, मोठ्या रस्त्यानं, पूल ओलांडून.

आणखी एक. गेल्या आठवड्यात यांना काहीतरी झालं. बसल्या बसल्या. डोळे उघडे, पण हाक मारली तर ओ नाही. मिनिटभरानं 'काय गं?' म्हणाले, जणू काही घडलंच नाही. ऊन लागलं असेल. लेकीला मात्र चुकूनही कळवू नकोस. यांनी मला नातीची शपथ घातली आहे. तू गाडीचं तेवढं सांग. दुरुस्तीला किती दिवस लागतील? जास्त लागले तरी चालेल.

तुझी ताई


१० फेब्रुवारी

ताई,

आधी भाओजींना डॉक्टरकडे ने, मग गाडीचं वाच. उन्हानं माणूस आडवा होतो. डोळे उघडे ठेवून गप्प बसत नाही.

आता गाडी. तेल जिथे ठिबकतं तिथूनच गळतं असं नाही. वरून कुठून तरी निघतं, पोटावरून घरंगळत येतं आणि सगळ्यात खालच्या टोकाशी थेंब होऊन पडतं. निम्मे मेकॅनिक तिथेच फसतात आणि भलतंच उघडून बसतात. तू खड्ड्यात कोरा कागद टाक. तेल काळं आणि पातळ असेल तर इंजिनचं. मधासारखं दाट असेल आणि सडक्या लसणासारखा वास मारत असेल तर गिअरबॉक्सचं. तुझं नाक लहानपणापासून तिखट आहे, मी विडी ओढली की तुला दोन घरं पलीकडून कळायचं.

मग ते सगळं पोट रॉकेलनं पुसून कोरडं कर आणि त्यावर नातीची पावडर भुरभुरव. गल्लीतून एकच फेरी मारायची, आणि पुन्हा बघायचं. पावडर जिथे ओली झाली असेल त्यातली सगळ्यात वरची जागा शोध. चोर तिथे बसलेला असतो.

कामाला माझ्या चेल्याला बोलाव. तुमच्या कोपऱ्यावर त्याचं गॅरेज आहे, डोक्याचे केस पांढरे झाले तरी माझ्यासाठी चेलाच. त्याच्यासाठी वेगळी चिठ्ठी ठेवली आहे. काम होईपर्यंत गाडी बंद. बॉक्समध्ये तेल कमी झालं की आत लोखंडावर लोखंड घासतं. भाओजींना हे सांगायची गरज नाही म्हणा. अंगात ताप असला तरी ते घराबाहेर पडतील, पण गाडीचा एक थेंब गळत असेल तर किल्लीला हात लावणार नाहीत.

तुझा खटपट्या


२४ फेब्रुवारी

खटपट्या,

गिअरबॉक्सच. वास इतका घाण की दोन दिवस जेवण गेलं नाही. पावडर टाकून फेरी मारली आणि खड्ड्यात उतरले, तर डाव्या चाकाकडे जो दांडा जातो (तुझा चेला त्याला शाफ्ट म्हणतो), तो बॉक्समध्ये शिरतो तिथे पावडरीचा चिखल झाला होता. तुझ्या चेल्यानं बघितलं आणि म्हणाला, 'ताई, तुम्ही माझ्याकडे नोकरीला या.'

तिथलं रबरी सील मागवायला आठ दिवस गेले. मग तो येऊन तुझी चिठ्ठी मोठ्यानं वाचत काम करत होता, पोथी वाचावी तशी. आधी तेल भरायचा वरचा बोल्ट सैल होतो का ते पाहिलं, मगच खालचा ड्रेन बोल्ट उघडून तेल सोडलं. मी विचारलं असं का, तर म्हणे वरचा गंजून बसला असला आणि खालून तेल सोडून दिलं, तर रिकामा बॉक्स कुशीत घेऊन बसावं लागतं. जुनं सील काढलं, ते चामड्यासारखं कडक झालं होतं. नवं सील तेलाचं बोट लावून, एका पाइपच्या तुकड्यानं, इकडे एक तिकडे एक असं हलकं ठोकत बसवलं. ड्रेन बोल्टला नवा तांब्याचा वॉशर घातला. शेवटी ब्रशनं खाली पांढरा रंगही लावला. मी म्हटलं, दृष्ट लागू नये म्हणून का रे? नुसता हसला.

आता खड्डा कोरडा ठणठणीत आहे. गाडी बंद होती ते दिवस फार शांत गेले. परवापासून हे नातीला पुन्हा घेऊन जातात. ते परत येईपर्यंत मी गेटपाशी उभी राहते. दूधवाला विचारतो, कुणाची वाट बघताय?

डॉक्टरचं म्हणशील तर, नाव काढलं की हे ताट सरकवून उठतात. 'डॉक्टर आधी माणसाची गाडी काढून घेतो, मग औषध देतो,' म्हणतात. काल जेवताना पुन्हा तसंच झालं. हातातला पेला सुटून फुटला. काच मी गोळा केली आणि लेकीला सांगितलं, माझ्या हातून पडला.

तुझी ताई


१२ मार्च

खटपट्या,

पुन्हा डाग पडायला लागला आहे. हे गाडी काढत नाहीत. नातीला शेजारच्यांबरोबर बसनं पाठवतो. तुझा चेला दोनदा येऊन गेला, बोल्ट आवळतो आणि डोकं खाजवत जातो. चार-पाच दिवस बरे जातात आणि पुन्हा डाग.

तू घाई करू नकोस. सवडीनं उत्तर पाठव.

ताई


१७ मार्च

ताई,

सवडीनं कसला पाठवतो! माझ्या हाताखाली शिकलेल्या माणसानं बसवलेलं सील तीन आठवड्यांत गळतं? मला इथे झोप येईना. चाळीस वर्षांत माझ्याकडून गेलेला एक बॉक्स गळत परत आलेला नाही.

दोन शक्यता आहेत. बॉक्सच्या डोक्यावर हवा जायला एक छोटं बोंडलं असतं. ते चिखलानं बुजलं तर आतली गरम हवा कोंडते आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलते. ते बघून मोकळं करायला सांग. नाहीतर मग चेल्यानं घाई केली आहे. त्याला विचारून उपयोग नाही, कुणी आपल्या ताकाला आंबट म्हणत नाही. तूच खड्ड्यात उतर आणि जे दिसेल ते जसंच्या तसं कागदावर काढून पाठव. शाळेत तुझी आकृती फळ्यावर लावायचे, तशी. काही वगळू नकोस.

भाओजी कसे आहेत ते तू या वेळी लिहिलंच नाहीस.

खटपट्या


२२ मार्च

खटपट्या,

सोबत चित्र. पेन्सिलनं काढून वरून शाईनं गिरवलं आहे. नवं सील कोरडं आहे, तिथे ओल नाही. ते बोंडलं चेल्यानं पाहिलं, स्वच्छ आहे. ओल फक्त ड्रेन बोल्टच्या कडेला. त्या पांढऱ्या रंगाची रेघही काढली आहे. अर्धी बोल्टवर आहे आणि अर्धी बॉक्सवर, बोटभर सरकलेली.

हे बरे आहेत. म्हणजे आहेत तसेच आहेत.

ताई


२७ मार्च

ताई,

तुझं चित्र भिंतीवर लावलं आणि तासभर त्याच्याकडे बघत बसलो. तुला माहीत नसेल म्हणून सांगतो. ती रेघ दृष्टीसाठी नसते. बोल्ट पुरा आवळला की बोल्ट आणि बॉक्स दोघांवरून एक सरळ रेघ ओढायची असा माझा नियम आहे. बोल्ट केसभर फिरला तरी रेघ तुटते. तांब्याच्या वॉशरवर आवळलेला बोल्ट आपण होऊन बोटभर फिरत नाही. त्याला कुणीतरी पाना लावला आहे.

तुमच्या खड्ड्यात उतरतं कोण? तू आणि चेला. म्हणजे सरळच आहे. मास्तरांची जुनी गाडी, थोडंसं सैल करून ठेवायचं, की आठवड्याला एक फेरी पक्की. मी त्याला लिहून टाकलं आहे की माझं नाव सांगायचं बंद कर आणि दुकानावरची पाटी उतरव. त्याला मी बापासारखा शिकवला होता, ताई. फार लागलं मला.

खटपट्या


२ एप्रिल

खटपट्या,

तू चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस. बोल्ट मी सैल केला. एकदा नाही, चार वेळा. दुपारी हे झोपले की सतरा नंबरचा पाना घेऊन खड्ड्यात उतरायची, पाव आटा फिरवायची आणि हात धुऊन चहा टाकायची. तुझी रेघ कशासाठी आहे हे ठाऊक असतं तर चित्रात काढली असती का? तू म्हणालास वगळू नकोस, मी वगळलं नाही. बावळट ती बावळटच.

मी तरी काय करू? सहा वेळा झालं आता यांना ते. एकदा तर दात घासताना, नळ वाहतोय आणि हे आरशात बघत उभे. शपथ घातल्यामुळे लेकीला सांगता येत नाही. तुला थोडंफार लिहिलं तेही चोरून. आणि नात मागच्या सीटवर बसून मोठ्या रस्त्यानं जाते, पुलावरून. तूच लिहिलं होतंस, स्वतःला ताप असला तरी निघतील पण थेंब गळताना किल्लीला हात लावणार नाहीत. ते वाक्य मी दहा वेळा वाचलं. यांना स्वतःचं काही दिसत नाही, पण गाडीचा डाग दिसतो. मग म्हटलं, दिसू दे डाग.

पण सोमवारी नातीची परीक्षा होती आणि बस चुकली. रविवारी दुपारी मी बोल्ट सैल केलेलाच होता. डाग बघूनही हे म्हणाले, 'एक दिवसानं काही होत नाही.' मी खड्ड्याकडे धावले, तोवर गाडी गेटबाहेर. तो पाऊण तास मी कसा काढला ते मला विचारू नकोस. परत आले तर म्हणतात, 'बॉक्स आज रडत होता गं.'

संध्याकाळी तुझा चेला आला. तुझं पत्र त्यानं माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. खड्ड्यात उतरला, वर आला, माझ्या तेलानं काळ्या झालेल्या नखांकडे पाहिलं. 'ताई, सतरा नंबरचा पाना त्याच्या खिळ्यावर नाही,' एवढंच म्हणाला. पाना भांड्यांच्या फडताळात होता. मी तो आणून दिला आणि रडले. त्यानं बोल्ट आवळला, तेल भरलं, नवी रेघ ओढली. तुला खरं काय ते लिहीन म्हणून मी त्याला सांगितलं तर म्हणाला, नको, गुरुजींना वाईट वाटेल. या माणसाला तू पाटी उतरवायला सांगितलीस.

ताई


६ एप्रिल

ताई,

तुझं पत्र वाचून स्टुलावर बसलो तो बसलोच. चेल्याला आधी पत्र लिहिलं, माफी मागितली, मग तुला लिहितोय.

तू काय करत होतीस ते तुला कळलेलं नाही. कोरडा पडलेला बॉक्स गाडी हळूच थांबवत नाही. तापतो, बेअरिंग जाम होतं आणि चालत्या गाडीची पुढची चाकं जागच्या जागी आवळली जातात. पुलावर असं झालं असतं तर भाओजींना शुद्ध असून उपयोग नव्हता. पोर मागे बसलेली! ज्याला घाबरून तू हे केलंस तेच आणायला निघाली होतीस. आजार रेड्याला आणि औषध पखालीला. रेडा म्हटल्याबद्दल भाओजींची माफी.

ओरडतोय, पण मनातून मला माहीत आहे की ती वाट मीच तुला दाखवली. ते वाक्य मी गंमत म्हणून लिहिलं होतं.

आता पान्याला हात लावायचा नाही. सोबत भाओजींच्या नावानं पत्र आहे. बंद करून त्यांना दे आणि वाचताना समोर थांबू नकोस. त्यात मी खोटं लिहिलं आहे. चांगल्या बॉक्सला मी आयुष्यात कधी वाईट म्हटलं नव्हतं, आज म्हणतोय. याउपरही मेअखेर त्यांनी डॉक्टरला दाखवलं नाही तर मी येऊन भाचीला सांगणार. शपथ तुला घातली आहे, मला नाही.

खटपट्या


६ एप्रिल

माननीय मास्तर,

स. न. वि. वि. तुमच्या गाडीबद्दल लिहायला हात धजत नाही. चूक माझी आहे, चेल्याची नाही. मी त्याला लिहून दिलेलं सीलचं माप चुकलं. त्या सीलनं शाफ्ट खाल्ला, आणि त्या हादऱ्यानं बॉक्सच्या खालच्या अंगाला केसासारखी चीर गेली आहे. म्हणूनच तेल पुन्हा पुन्हा येतं. या बॉक्सचे भाग आता कुठे मिळत नाहीत. ही गाडी रस्त्यावर आणू नका, केव्हा दगा देईल सांगता येत नाही.

वय झालं, नजर चुकते. तुम्हीच मला पहिल्यांदा स्टिअरिंगवर बसवलं होतं आणि मी तुमचीच गाडी घालवली. शक्य झालं तर क्षमा करा.

तुमचा मेहुणा


२० एप्रिल

खटपट्या,

पत्र वाचलं त्यांनी. दोनदा. मग घडी घालून खिशात ठेवलं आणि फिरायला निघून गेले. त्या दिवसापासून गाडी उभी आहे आणि तुझा उद्धार चालू आहे. भाजीवाल्यापासून बँकेच्या शिपायापर्यंत सगळ्यांना सांगून झालं: 'माझ्या मेहुण्यानं चाळीस वर्षं लोकांचे गिअरबॉक्स उघडले आणि शेवटी माझा बुडवला.' काल शेजारचे म्हणाले, 'नात्यातल्या माणसाकडे काम देऊच नये,' तर हे म्हणाले, 'अहो, नावाचाच मेकॅनिक.' मी आत भांडी घासत होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो ते आता कळलं.

तुझ्या गावातही हे पोचेल, माहीत आहे मला. तिकडे यांचे दोन-तीन विद्यार्थी आहेत. माझ्या पायी तुझं नाव गेलं.

सकाळी साडेसातला हे गाडीत जाऊन बसतात. इंजिन बंद. नुसतं क्लच दाबायचं आणि एक ते पाच गिअर टाकायचे, पुन्हा उलटे. मला ओट्यापाशी खटखट ऐकू येते. काल आत येताना म्हणाले, 'शाफ्ट खाल्लेल्या बॉक्समध्ये गिअर इतके गुळगुळीत पडत नाहीत.' मी नळ मोठा सोडला.

डॉक्टरचं नाव अजून काढू देत नाहीत.

ताई


११ मे

खटपट्या,

काल सकाळी हॉर्न वाजला आणि थांबेना. मी हातातली कढई तशीच टाकून धावले. हे गाडीत, कपाळ हॉर्नवर, एक हात गिअरच्या दांड्यावर, गिअर तिसऱ्यात. डोळे उघडे. नात उन्हाळी वर्गाचं दप्तर घेऊन पायरीवर बसची वाट बघत उभी होती, ती तिथेच थिजली. सगळी गल्ली गोळा झाली. मी त्यांचं डोकं उचलून माझ्या खांद्यावर घेतलं आणि हाका मारत राहिले. या वेळी फार वेळ लागला रे. मला वाटलं, संपलं.

शुद्धीवर आले तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे नाही, नातीकडे पाहिलं. मग विचारलं, 'किती वेळ?'

'दोन मिनिटं,' मी म्हटलं.

'दोन मिनिटांत मी पुलाच्या मध्यावर असतो,' म्हणाले. किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.

लेकीला त्यांनी स्वतःच बोलावून घेतलं आणि पहिल्या दिवसापासूनचं सगळं सांगितलं. ती माझ्यावर भडकली, मग माझ्या गळ्यात पडून रडली. दुपारी आम्ही तिघं डॉक्टरकडे गेलो. मेंदूची तपासणी परवा आहे. फिट येण्यातलाच प्रकार असेल म्हणाले, औषधानं आटोक्यात राहतो. गाडी मात्र बंद. यांनी मान डोलावली. मला भीती वाटतेच आहे, पण आता ती एकटीची नाही.

संध्याकाळी शेडपाशी खुर्ची टाकून बसले होते. मी चहा दिला तर म्हणाले, 'तुझ्या भावाला लिही, बॉक्समध्ये काही दोष नव्हता म्हणावं.'

मी विचारलं, तुम्हाला हे कधी कळलं?

'पत्र आलं त्याच दिवशी. तो माप चुकवेल होय?'

मग मला इतका राग आला, खटपट्या. म्हटलं, मग महिनाभर गावभर त्याच्या नावानं शिमगा का केलात? माझ्या भावाची अब्रू काय रस्त्यावर पडली होती?

ते म्हणाले, 'मास्तर गाडी का चालवत नाही, हे लोकांना काहीतरी सांगायला नको का?'

तुझी ताई